एक्के हातात आले की गप्प बसू नका: फ्लॉपच्या आधीचा पोकर, नवख्यांसाठी

सोलापुरात पत्ते शिकायला कुणाला शिकवणी लागत नाही. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर चादर अंथरली की झब्बू, मेंढीकोट, तीनशे चार आपोआप अंगात येतात, आणि दिवाळीला तीन पत्ती तर ठरलेलीच. त्यामुळे इथल्या माणसाला टेक्सास होल्डेम पोकरचे नियम सांगायला फार वेळ लागत नाही. अडतं ते दुसरीकडे. तीन पत्तीतली एक सवय पोकरमध्ये तशीच येते आणि तिथे ती नुकसान करते.

सवय अशी: चांगले पत्ते आले की चेहरा कोरा ठेवायचा, बारीक चाल देत राहायचं, चार जणांना आत ओढायचं आणि शेवटी शो मागायचा. तीन पत्तीत हे बरोबरच आहे. तिथे हातातले तीन पत्ते हाच पूर्ण डाव. एक्क्यांची ट्रेल पहिल्या चालीला जेवढी भारी, तेवढीच शेवटच्या चालीला. होल्डेममध्ये मात्र तुमच्या हातात दोनच पत्ते असतात. पाच पत्ते मध्ये उघडायचे बाकी असतात, तेही सगळ्यांच्या मालकीचे: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर. या पाचांतून कुणाचंही काहीही जुळू शकतं. म्हणून चांगले दोन पत्ते आले की फ्लॉप उघडण्याआधीच किंमत लावायची. हा लेख त्या पहिल्या फेरीपुरताच आहे.

आधी पैशाचं

महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे. २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. तेव्हा मोबाइलवर पैसे लावून शिकायचा विचार सोडून द्या. घरी चिंचोक्यांवर खेळा. पोकर शिकायला पैसा लागत नाही, पण हरल्याची चुटपुट मात्र लागते. ती नसेल तर प्रत्येक जण प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसतो आणि खाली लिहिलेलं काहीच लागू पडत नाही. यावर उपाय सोपा आहे. एक वही ठेवा, प्रत्येक बैठकीचा हिशेब त्यात मांडा आणि महिनाभराची बेरीज सगळ्यांना दिसेल अशी लिहा. चिंचोके संपले की त्या रात्रीपुरतं बाहेर, हा नियम पक्का ठेवा.

बैठक मांडताना

कॅटमधले जोकर बाजूला काढा, ५२ पत्ते मोजून घ्या. सहा ते आठ जण असले की मजा येते. प्रत्येकाला ५० चिंचोके आणि १५ राजम्याचे दाणे द्या. एक राजमा म्हणजे १० चिंचोके, म्हणजे प्रत्येकाकडे २०० झाले. तीन पत्तीत बूट सगळे टाकतात, इथे दोघेच टाकतात. वाटणाऱ्यापुढे एक खूण ठेवायची, तिला बटण म्हणतात. बटणाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड टाकतो, १ चिंचोका. त्याच्या डावीकडचा मोठा ब्लाइंड, २ चिंचोके. पहिल्या फेरीत मोठ्या ब्लाइंडच्या पुढचा माणूस आधी बोलतो. फ्लॉपनंतर मात्र छोट्या ब्लाइंडपासून सुरुवात होते आणि बटणवाला सगळ्यात शेवटी बोलतो. डाव संपला की बटण एक घर डावीकडे सरकतं.

एक गोष्ट सगळ्यांनी आधीच ठरवून घ्या, नाहीतर हमखास भांडण होतं. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. आणि पोकरमध्ये पाच पत्त्यांचा डाव मोजतात, म्हणून ट्रेल अधिक जोडी याला फुल हाउस म्हणतात आणि ते कलरच्याही वर असतं.

चादर जाड असते त्याचा इथे फायदा होतो. पत्ता तिच्यावर थोडा रुततो, अंगठ्याने कोपरा जरासा उचलला की निशाणी दिसते आणि शेजाऱ्याला दिसत नाही. पत्ते छातीशी धरून बघायची सवय असेल तर ती मोडा. शेंगाचटणी आणि भाकरी मात्र खेळ थांबवूनच खा. चटणीचं तेल एकदा एक्क्याच्या पाठीला लागलं की तो एक्का सगळी बैठक ओळखते, मग नवा कॅट आणण्यावाचून गत्यंतर नाही.

आपली पाळी येईपर्यंत पत्ते बघूच नका. त्या वेळात समोरच्यांकडे बघा. कोण पत्ते बघताक्षणी चिंचोक्यांकडे हात नेतो, कोण डाव सोडून पत्ते टाकायच्या तयारीत ते बोटांत धरून बसलाय, हे सगळं फुकट कळतं.

कोणते पत्ते भारी, आणि ते येतात किती

५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. कुठलीही एक ठरावीक जोडी, समजा राण्यांची, ६ प्रकारे येते. एक्का-राजा १६ प्रकारे येतो: त्यातले ४ कलरमधले, म्हणजे दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे, आणि १२ बिनकलरचे. हा ६, ४ आणि १२ चा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे कामाला येतो.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा मिळून ३४ प्रकार होतात, म्हणजे सरासरी ३९ डावांत एकदा. घरी गप्पा मारत तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे असे पत्ते साधारण सव्वा-दीड तासाने एकदा दिसणार. एवढ्या वेळाने आलेली चीज दोन चिंचोक्यांना वाटून टाकायची नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे: बाकीचा बहुतेक वेळ पत्ते टाकण्यात जातो. सुरुवातीला हेच जड जातं. लोक म्हणतात, खेळायला आलोय की बघायला? पण टाकलेल्या डावात चिंचोके वाचतात आणि समोरच्यांचा खेळ निवांत बघता येतो.

कुठल्या जागेवरून काय खेळायचं, ते आठ जणांच्या बैठकीसाठी असं धरून चला. मोठ्या ब्लाइंडच्या लगेच पुढे बसला असाल तर एक्क्यांपासून दश्शीपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा आणि कलरमधला एक्का-राणी, बस. हे १,३२६ पैकी ५० प्रकार झाले, शंभरात चार. तुमच्यामागे सात जण बोलायचे आहेत, म्हणून इतकी काटकसर. मधल्या जागांवर नव्वी, अठ्ठी, सत्तीच्या जोड्या, बिनकलरचा एक्का-राणी, कलरमधले एक्का-गुलाम आणि राजा-राणी वाढवा. बटणावर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील, तर कुठलीही जोडी, कलरमधला कुठलाही एक्का, एक्का-दश्शी, राजा-गुलाम, कलरमधले गुलाम-दश्शी असे बरेच पत्ते चालतात. तुमच्यामागे फक्त दोन ब्लाइंड उरलेत आणि फ्लॉपनंतर शेवटचा शब्द तुमचा आहे. जागा हा होल्डेममधला अर्धा खेळ आहे, हे मी मनापासून सांगतो. नवखा माणूस पत्ते बघतो, जाणता आधी बटण कुठे आहे ते बघतो.

वाढवायचं किती

आपल्याआधी कुणीच आत आलं नसेल तर मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, म्हणजे ६ चिंचोके. कुणी नुसते २ टाकून आत बसला असेल तर अशा प्रत्येकामागे आणखी २. एवढंच सूत्र.

आता हे प्रत्यक्ष काय करतं ते बघा. आठ जण बसलेत, बटण तुमच्यापुढे आहे. दोघांनी २-२ चिंचोके टाकले, बाकीच्यांनी पत्ते टाकले. तुम्ही कोपरा उचलता: इस्पिकचा राजा, बदामचा राजा. मध्ये ७ चिंचोके आहेत, दोघांचे ४ आणि ब्लाइंडचे ३.

समजा तीन पत्तीच्या सवयीने तुम्ही गुपचूप २ टाकले. छोट्या ब्लाइंडने एक घालून दोन केले, मोठ्या ब्लाइंडने चेक केलं, म्हणजे आणखी काही न टाकता तसाच बसला. मध्ये १० चिंचोके आणि डावात पाच जण. फ्लॉप उघडला: किलवर नव्वी, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री. तुमचे राजे वरचढ दिसतात, तुम्ही जोरात खेळता. पण मोठ्या ब्लाइंडकडे नव्वी-अठ्ठी होती. एक चिंचोकाही जास्त न देता त्याच्या दोन जोड्या झाल्या, आणि आता तुमचे १९८ त्याच्या टप्प्यात आहेत. त्याच्याकडे काय असेल याचा अंदाजही तुम्ही करू शकत नाही, कारण मोठा ब्लाइंड कुठल्याही पत्त्यांवर फुकटात बसलेला असतो.

आता दुसरा रस्ता. तुम्ही १० केले: तिप्पट म्हणजे ६, आणि दोन जणांमागे ४. मोठ्या ब्लाइंडला नव्वी-अठ्ठी बघायला आणखी ८ द्यावे लागतात, मागे दोन जण बोलायचे आहेत, तो टाकतो. छोटाही टाकतो. आधी बसलेल्यांपैकी एक जण ८ भरून आत येतो, दुसरा जातो. मध्ये २५ चिंचोके, समोर एकच माणूस, आणि शेवटी बोलणार तुम्ही. त्याने आधी नुसतं आत बसून मग भरलंय, तेव्हा त्याच्याकडे मध्यम जोडी किंवा एक्का-दश्शीसारखं काही असणार, असा अंदाजही बांधता येतो.

इथे कुणीतरी म्हणणारच, "काय करायलास बे, सगळ्यांना पळवून लावायलास!" पळवून लावण्यासाठी वाढवायचं नसतं. लोक आत येण्याला हरकत नाही, फुकटात येण्याला आहे. एक्क्यांची जोडी समोर एकच माणूस असताना, त्याचे पत्ते कुठलेही असोत, शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. समोर दोघे असले तर ७३, तिघे असले तर ६४, चौघे असले तर ५६. आठही जण शेवटपर्यंत बसले तर फक्त ३९. चौघांनी दहा-दहा चिंचोके भरून तुमच्या एक्क्यांविरुद्ध बसायचं ठरवलं तर खुशाल बसू द्या, फायदा तुमचाच आहे. दोन-दोन भरून बसले, तर त्यांनी गमावलं काही नाही आणि तुमचं सगळं पणाला लागलं.

सगळ्यांनी टाकले आणि तुम्हाला एक्क्यांवर नुसते ब्लाइंडचे ३ मिळाले, असंही होईल. वाईट वाटतं, पण त्यावरून पुढच्या वेळी लपून खेळायचं ठरवू नका.

आणि वाढवायचा आकडा पत्त्यांप्रमाणे बदलू नका. बऱ्याच घरगुती बैठकांत हे दिसतं: एक्के आले की कुणी ६ ऐवजी १५ करतो, गुलाम-दश्शीवर ४. तिसऱ्या खेपेला सगळ्यांना कळलेलं असतं. एक्के असोत की सत्तीची जोडी, त्याच जागी तोच आकडा. हात नेण्याची पद्धतही तीच ठेवा.

आपल्याआधी कुणी वाढवलं असेल तर

इथे पट्टी एकदम कडक करायची. त्याने आधीच सांगितलंय की माझे पत्ते चांगले आहेत. तुमचे पत्ते नुसते चांगले असून भागत नाही, त्याच्यापेक्षा चांगले असायला हवेत.

एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा असेल तर पुन्हा वाढवा. त्याने ६ केले असतील आणि फ्लॉपनंतर तुम्ही त्याच्यामागे बोलणार असाल तर १८. तुम्ही ब्लाइंडमध्ये असाल आणि आधी बोलावं लागणार असेल तर २४. दुसऱ्या वेळी जास्त, कारण गैरसोयीच्या जागेवर फ्लॉप बघायचा असेल तर समोरच्यालाही तो महाग पडू द्या.

सगळ्यात जास्त चिंचोके जातात ते एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-नव्वी असल्या पत्त्यांवर. तीन पत्तीत मोठा पत्ता एक्का असला की धीर असतो, म्हणून इथेही एक्का दिसला की हात सोडवत नाही. पण पहिल्या जागेवरून कुणी वाढवलं, तर त्याच्याकडे एक्का-राजा, एक्का-राणी किंवा मोठी जोडी असणार. तुमच्याकडे एक्का-गुलाम आहे आणि फ्लॉपवर एक्का आला, तर तुमची जोडी झाली आणि त्याचीही. त्याचा दुसरा पत्ता मोठा आहे. एक्का-राजासमोर एक्का-राणी शंभरात साधारण २५ वेळाच जिंकते. एक्का-गुलामाचंही तसंच. टाकून द्या.

थोर पत्ते, एकेक करून

एक्के आणि राजे: सुरुवातीच्या काळात फ्लॉपआधी हे कधीच टाकू नका, समोरच्याने सगळे २०० पुढे ढकलले तरी. राजे हातात असताना बाकी सात जणांपैकी कुणाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता शंभरात साडेतीनच्या आसपास असते. त्या भीतीने राजे टाकणारा दीर्घकाळात नुकसानीतच जातो. फ्लॉपवर एक्का येण्याची शक्यता मात्र २३ टक्के आहे. तेव्हा हात आवरता यायला हवा.

राण्या आणि गुलाम: हे दिसतात त्यापेक्षा नाजूक. राण्या हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का किंवा राजा ४१ टक्के वेळा येतो. गुलामांवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी काहीतरी ५७ टक्के वेळा, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणूनच या जोड्यांवर फ्लॉपआधी वाढवणं आणखी गरजेचं. हातात गुलाम असताना पहिल्या जागेवरून कुणी वाढवलं, तर मी साधारणपणे नुसता कॉल करतो, म्हणजे तेवढेच चिंचोके भरतो, पुन्हा वाढवत नाही. समोरचा त्या जागेवरून वाट्टेल त्या पत्त्यांवर वाढवणारा असेल तर गोष्ट वेगळी.

एक्का-राजा: यावर जरा थांबू, कारण याच्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कुणी याला एक्क्यांच्या जोडीइतका मानतो, कुणी 'अजून जुळलंय कुठं' म्हणून घाबरतो. हातात काहीच जुळलेलं नसतं हे खरं. फ्लॉपवर एक्का किंवा राजा ३२ टक्के वेळाच येतो. राण्यांच्या जोडीसमोर बिनकलरचा एक्का-राजा शंभरात ४३ वेळा जिंकतो, दुर्रीच्या जोडीसमोरही ४७. म्हणजे कुठल्याही मधल्या जोडीशी जवळजवळ बरोबरी. घातक आहेत ते फक्त दोन हात, एक्के आणि राजे. आता तो ६ चा हिशेब काढा. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे येते, पण एक एक्का तुमच्याच हातात आहे, म्हणून उरले ३ प्रकार. राजांचेही ३. ज्यांची भीती, तेच निम्मे झाले. आणि एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी हे सगळे तुमच्याखाली दबलेले. म्हणून एक्का-राजा हा वाढवण्याचा हात आहे, नुसता कॉल करत बसण्याचा नाही. समोरच्यांनी टाकलं तर काही न जुळताच पॉट, म्हणजे मधले सगळे चिंचोके, तुमचा.

कलरमधला आणि बिनकलरचा यातला फरक लोक फार मोठा मानतात. तो दोन-तीन टक्क्यांचा आहे. दोन्ही किलवर आहेत एवढ्यावर राजा-चव्वी खेळू नका.

लहान जोड्या, दुर्री ते छक्की: फ्लॉपवर ट्रेल व्हायची शक्यता ८-९ वेळांत एकदा. तेव्हा ६ चिंचोके भरून बघायचे असतील, तर समोरच्याकडे आणि तुमच्याकडे निदान ९० ते १२० शिल्लक असावेत, नाहीतर जुळलं तरी वसूल होत नाही. नाही जुळलं तर तिथेच सोडा.

तुमच्याकडे २० च चिंचोके उरले असतील तर वरचं बरंचसं बाद होतं. तेव्हा दोनच गोष्टी: पत्ते टाका, नाहीतर सगळे एकदम पुढे करा. ६ करून मग कुणी वाढवल्यावर टाकलं, तर जवळजवळ तिसरा हिस्सा फुकट गेला.

घरच्या घरी सराव

खेळायला जण जमले नसतील तरी हा सराव एकट्याने किंवा दोघांत होतो. पत्ते नीट पिसा, काटा, आठ घरं कल्पून प्रत्येकात दोन-दोन पत्ते पालथे वाटा. एक चिंचोका बटण म्हणून ठेवा. मोठ्या ब्लाइंडच्या पुढच्या घरापासून सुरू करून एकेक घर उघडा आणि मोठ्याने सांगा: टाकतो, ६ करतो, की १८ करतो. आधीच्या घराने काय केलं ते धरूनच पुढचं उत्तर द्या. पहिल्या घराने ६ केले असतील, तर तिसऱ्या घरातली एक्का-गुलाम टाकायचीय हे तिथे तोंडून निघायला हवं.

आठही घरं झाली की मधले पाच पत्ते उघडा आणि बघा, टाकलेल्यांपैकी कोण जिंकलं असतं. बऱ्याचदा टाकलेलीच एखादी सत्ती-चव्वी जिंकलेली दिसेल. ती टाकणं तरीही बरोबरच होतं. वहीत लिहायचं ते कोण जिंकलं हे नव्हे, कुठल्या घरावर उत्तर द्यायला वेळ लागला ते. एका बैठकीत असे वीस-पंचवीस डाव होतात. ज्या पत्त्यांवर, ज्या जागेवर पुन्हा पुन्हा अडखळायला होतं, तेवढेच कॅटमधून बाजूला काढा, त्याच घरात ठेवा आणि बाकीचे पत्ते परत पिसून वाटा.